चिकित्सालयीन संशोधन : ज्ञान सर्वांचे, जोखीम कोणाची?

झाशी शहराच्या जुन्या तटबंदीतील खंडेराव गेटच्या परिसरात राहणाऱ्या एखाद्या क्षयरुग्णाला आज उपचारासाठी महिनोन्‌महिने घरापासून दूर राहावे लागत नाही. शासकीय केंद्रातून औषधे विनामूल्य मिळतात, ती तो घरी राहून घेतो आणि शक्य होईल तेव्हा कामधंदाही सुरू ठेवतो. ही व्यवस्था इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्यामागे एक संशोधन उभे आहे याचे सहसा स्मरणही होत नाही. १९५० च्या दशकापर्यंत क्षयरुग्णाची जागा आरोग्यधामात, अशीच जगभर धारणा होती. भारतातील रुग्णांची संख्या पाहता तेवढ्या खाटा उभारणे कोणत्याही पंचवार्षिक योजनेला शक्य नव्हते. अशा वेळी १९५६ मध्ये मद्रास येथे स्थापन झालेल्या क्षयरोग केंद्राने एक साधा प्रश्न विचारला : तीच औषधे घरी दिली तर रुग्ण बरा होतो काय, आणि त्याच्या कुटुंबीयांना अधिक धोका संभवतो काय? १९३ रुग्णांची दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटावर आरोग्यधामात, तर दुसऱ्यावर घरी उपचार झाले. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार घरच्या उपचारांचे फलित आरोग्यधामातील उपचारांच्या जवळपास तोडीचे होते आणि कुटुंबीयांना अधिक संसर्ग झाल्याचेही आढळले नाही. या एका उत्तराने क्षयरोग नियंत्रणाचे सारे अर्थकारण बदलले.

रुग्णांच्या सहभागातून निर्माण होणाऱ्या अशा ज्ञानाला चिकित्सालयीन संशोधन म्हणतात. अर्थशास्त्राच्या परिभाषेत हे ज्ञान सार्वजनिक वस्तू आहे. एकाने ते वापरल्याने दुसऱ्यासाठी ते कमी होत नाही आणि एकदा प्रसिद्ध झाल्यावर त्यापासून कोणाला वंचित ठेवणेही कठीण असते. मात्र या वस्तूचे एक वैशिष्ट्य आहे. तिचा लाभ असंख्य अनोळखी लोकांना होतो. तिच्या निर्मितीतील जोखीम मात्र मोजके रुग्ण स्वतःच्या शरीरावर घेतात. या व्यवहारातून समाजावर दोन ऋणे येतात. संशोधनात विचारले जाणारे प्रश्न या रुग्णांच्या जीवनाशी संबंधित असावेत, हे पहिले. आणि मिळालेले उत्तर त्यांच्यापर्यंत परत पोहोचावे, हे दुसरे. भारतातील अनुभव या दोन कसोट्यांवर पाहणे उद्बोधक ठरेल.

चाचणीची रीत

चिकित्सालयीन संशोधनाचे स्थूलमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्यात संशोधक केवळ निरीक्षण करतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत सुरू केलेला माता-पोषणाचा अभ्यास या प्रकारचा होय. मातेचा आहार, बाळाचे जन्मवजन आणि पुढील आयुष्यातील मधुमेह यांचा संबंध त्यातून पुढे आला. भारतीय अर्भके वजनाने कमी असली तरी त्यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते, हा डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांचा निष्कर्ष जगभर चर्चिला गेला.

दुसऱ्या प्रकारात संशोधक उपचार देतो व त्याचा परिणाम मोजतो. यालाच सामान्यतः ‘क्लिनिकल ट्रायल’ म्हटले जाते. नवे औषध प्रथम थोड्या, बहुधा निरोगी, व्यक्तींना देऊन त्याची सुरक्षितता पाहिली जाते. दुसऱ्या टप्प्यात मर्यादित रुग्णांवर मात्रा व परिणाम तपासले जातात, तर तिसऱ्यात मोठ्या संख्येने रुग्ण घेऊन प्रचलित उपचाराशी तुलना केली जाते. औषध बाजारात आल्यानंतरचे निरीक्षण हा चौथा टप्पा.

तुलना हा या रीतीचा गाभा होय. कोणाला नवा उपचार द्यावा हे डॉक्टरने ठरवले, तर नकळत बरे होण्याची शक्यता अधिक असलेले रुग्ण एका गटात जमा होतात व निष्कर्ष फसवा ठरतो. म्हणून ही निवड चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यादृच्छिक पद्धतीने केली जाते. ब्रिटनमध्ये १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीने या पद्धतीचा पाया घातला. १०७ रुग्णांच्या त्या चाचणीवेळी औषधाचा पुरवठा अतिशय तोकडा होता. सर्वांना पुरेल एवढे औषध नसताना चिठ्ठीने वाटप करणे हे विज्ञानाला जसे सोयीचे होते, तसेच ते न्याय्यही होते.

बाजार कोणते प्रश्न विचारतो?

मोठी चाचणी ही खर्चिक बाब आहे. खासगी कंपनी हा खर्च करते तो विक्रीतून भरून निघेल या अपेक्षेने, आणि त्यात गैर काही नाही. अनेक जीवनरक्षक औषधे याच मार्गाने उपलब्ध झाली आहेत. परंतु ज्या उत्तरातून विकण्याजोगे काही निघत नाही, तो प्रश्न बाजार विचारत नाही. जुने व स्वस्त औषध नव्या प्रकारे वापरता येईल काय, एखादी शस्त्रक्रिया टाळता येईल काय, कमी शिकलेली आरोग्यसेविका डॉक्टरचे एखादे काम करू शकेल काय, या प्रश्नांना पेटंट मिळत नाही. त्यांची उत्तरे शोधण्यासाठी सार्वजनिक निधी, विश्वस्त संस्था किंवा एखाद्या डॉक्टरची चिकाटी लागते. महाराष्ट्रात अशी उदाहरणे वैद्यकाच्या अनेक शाखांत सापडतात.

रायगड जिल्ह्यातील महाड येथे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी लाल विंचवाच्या दंशाचा प्रश्न हाती घेतला. हा आजार शेतात, वाडीवर, गवताच्या पेंढ्या उचलताना होणारा. श्रीमंत देशांतील औषध उद्योगाला त्यात स्वारस्य असण्याचे कारण नव्हते. गंभीर विंचूदंशाने पूर्वी शंभरातील सुमारे तीस रुग्ण दगावत. रक्तदाबावरील प्राझोसिन हे स्वस्त औषध वापरात आल्यावर हे प्रमाण शंभरात चारपेक्षाही खाली आले. पुढे प्रतिविष दिल्याने रुग्ण लवकर बरा होतो काय, हा प्रश्न घेऊन तालुक्याच्या गावातील त्यांच्या रुग्णालयात ७० रुग्णांची यादृच्छिक चाचणी झाली. प्रतिविष व प्राझोसिन दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२ रुग्णांची लक्षणे दहा तासांत पूर्णतः नाहीशी झाली. केवळ प्राझोसिन मिळालेल्या ३५ मध्ये ही संख्या ८ होती. २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने हे संशोधन प्रसिद्ध केले.

बालरोगशास्त्रातील उदाहरण गडचिरोलीचे आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातील साक्षर स्त्रियांना नवजात अर्भकाची काळजी घेण्याचे प्रशिक्षण दिले. अर्भकाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे आणि गरज पडल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे ही कामे त्या करू लागल्या. ३९ गावांत हा उपक्रम राबवून ४७ गावांशी तुलना करण्यात आली. तिसऱ्या वर्षी उपक्रमाच्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यूंचे प्रमाण २५.५ होते, तर तुलनेच्या गावांत ५९.६. ‘लॅन्सेट’ने १९९९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. २०११ पासून आशा कार्यकर्तींमार्फत देशभर सुरू झालेल्या गृह-आधारित नवजात काळजी कार्यक्रमामागे याच संशोधनाची प्रेरणा आहे.

कर्करोग शल्यचिकित्सेत मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचे काम या दृष्टीने लक्षणीय आहे. स्तनाच्या कर्करोगाची गाठ काढण्यापूर्वी तिच्याभोवती लिडोकेन हे नेहमीचे भूल देणारे औषध टोचल्यास काय होते, याची चाचणी डॉ. राजेंद्र बडवे व सहकाऱ्यांनी देशातील ११ केंद्रांत केली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत १,५८३ स्त्रियांचा समावेश होता. इंजेक्शन मिळालेल्या गटात पाच वर्षांनी ९०.१ टक्के स्त्रिया हयात होत्या, दुसऱ्या गटात ८६.४ टक्के. ज्या औषधाच्या कुपीला नगण्य किंमत पडते, त्याच्या अशा चाचणीसाठी कोणती कंपनी पुढे आली असती?

‘नाही’ हे उत्तरही तितकेच मोलाचे असते. कर्करोग शरीरात इतरत्र पसरल्यानंतर स्तनातील मूळ गाठ काढल्याने आयुष्य वाढते, असा समज होता. याच रुग्णालयातील ३५० स्त्रियांच्या चाचणीत तसे आढळले नाही. २०१५ च्या या निष्कर्षामुळे लाभ नसलेल्या शस्त्रक्रियेच्या वेदना आणि तिचा कौटुंबिक खर्च टाळण्याला आधार मिळाला.

सार्वजनिक निधी व खासगी उत्पादक यांची सांगडही घालता येते, हे रोटाव्हायरस लसीने दाखवले. बालकांतील तीव्र अतिसारावरील या स्वदेशी लसीची चाचणी दिल्ली, वेल्लोर व पुणे येथील केंद्रांत ६,७९९ अर्भकांवर झाली. लसीमुळे रोटाव्हायरसच्या तीव्र अतिसाराचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०१६ पासून ती चार राज्यांतील शासकीय लसीकरणात दाखल झाली.

तुलना गटातील स्त्री

येथवरची उदाहरणे समाधान देणारी आहेत. परंतु तुलनेच्या गटात असलेल्या व्यक्तीला काय मिळते, हा प्रश्न टाळून या विषयाचा विचार पुरा होत नाही. महाडच्या चाचणीत दोन्ही गटांना प्राझोसिन, म्हणजे तोवर उपलब्ध असलेला परिणामकारक उपचार, मिळत होता. प्रत्येक चाचणीत अशी स्थिती नव्हती.

त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी मोठी चाचणी झाली. टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था त्यात सहभागी होत्या. ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ स्त्रियांचे ५२ समूह चार गटांत विभागण्यात आले. एका गटात एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पेशींची तपासणी, तिसऱ्यात ॲसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी केलेली तपासणी झाली. चौथ्या गटाची तपासणी झाली नाही. त्या स्त्रियांना एरवी उपलब्ध असलेली सेवाच मिळाली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आठ वर्षांत या कर्करोगाने विषाणू तपासणी गटातील ३४,१२६ पैकी ३४ स्त्रियांचा, तर तपासणी न झालेल्या गटातील ३१,४८८ पैकी ६४ स्त्रियांचा मृत्यू झाला. एका तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे यातून सिद्ध झाले.

परंतु तपासणीची परिणामकारक पद्धत जगाला आधीपासून ज्ञात असताना एका गटाला त्याविना ठेवणे कितपत योग्य होते, असा सवाल पुढे विचारला गेला. ग्रामीण भागात तपासणीचा कोणताही कार्यक्रम अस्तित्वात नव्हता, त्यामुळे त्या गटाकडून काही काढून घेतले गेले नाही, असा प्रतिवाद झाला. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. तथापि एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ‘एरवी काहीच मिळत नाही’ ही परिस्थिती निसर्गनिर्मित नसते. ती आरोग्यव्यवस्थेतील उणिवेतून येते. जेथे सेवा नाही तेथेच चाचणी सोयीची ठरावी, हे त्या उणिवेचेच एक रूप आहे. म्हणूनच अशा संशोधनानंतर समाजावरील ऋण अधिक वाढते.

ते फेडले गेले काय? केंद्र सरकारने २०१६ मध्ये तिशीपुढील स्त्रियांच्या तपासणीची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. परंतु २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार ३० ते ४९ वयोगटातील केवळ १.९ टक्के स्त्रियांची ही तपासणी कधी काळी झालेली होती. ज्ञान निर्माण झाले, ते जगाने वापरले. ज्या प्रदेशातील स्त्रियांनी ते घडवले तेथे ते पोहोचण्यास मात्र विलंब झाला.

संमती आणि संरक्षण

सहभागी व्यक्तीची संमती खरोखर मुक्त आहे काय, हा प्रश्नही जुना आहे. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस जानेवारी १८९७ मध्ये प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि नंतर मुंबईच्या भायखळा तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिचा प्रयोग झाला. कैद्याची ‘स्वेच्छा’ किती स्वतंत्र मानावी, असे आज विचारले जाईल. रुग्णाची अवस्थाही काही वेळा निराळी नसते. उपचाराचा खर्च न पेलणाऱ्या माणसाला चाचणी हीच उपचाराची एकमेव वाट वाटली, तर त्याच्या सहीला संमती म्हणणे अवघड होते.

२००५ मध्ये नियमांत बदल होऊन परदेशातील टप्प्याच्या बरोबरीने भारतात चाचण्या घेण्यास वाव मिळाला आणि त्यांची संख्या वाढली. देखरेखीची यंत्रणा त्या वेगाने वाढली नाही. २००९ मध्ये आंध्र प्रदेश व गुजरातमध्ये मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प सुरू झाला, तो २०१० मध्ये थांबवण्यात आला. सहभागी मुलींपैकी सात जणींचा मृत्यू झाला होता. त्यांचा लसीशी संबंध असण्याची शक्यता चौकशी समितीला दिसली नाही. मात्र पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी वा मुख्याध्यापकांनी संमतीपत्रांवर सह्या केल्याची बाब पुढे आली. संसदीय समितीने २०१३ मध्ये या प्रकल्पावर कठोर ताशेरे ओढले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने संमतीच्या प्रक्रियेचे दृक्‌श्राव्य चित्रण करण्याचा आदेश दिला. परिणामी काही काळ चाचण्यांच्या मंजुऱ्या मंदावल्या. विश्वास गमावण्याची किंमत संशोधनालाही मोजावी लागते, हा यातला धडा.

आज या क्षेत्राचे नियमन ‘नवी औषधे व चिकित्सालयीन चाचणी नियम, २०१९’ यांनुसार होते. प्रत्येक चाचणीला नीतिमत्ता समितीची मान्यता लागते. या समितीत किमान सात सदस्य असतात. त्यांत एक सामान्य नागरिक, एक स्त्री व एक कायदेतज्ज्ञ असणे आवश्यक असून निम्मे सदस्य संस्थेबाहेरील असावे लागतात. चाचणीमुळे इजा झाल्यास विनामूल्य उपचार आणि मृत्यू अथवा अपंगत्व आल्यास भरपाई देणे बंधनकारक आहे. मृत्यूच्या भरपाईचे गणित आठ लाख रुपयांची मूळ रक्कम, व्यक्तीचे वय व तिच्या आजाराची जोखीम यांवर आधारलेले आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २००७ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय नोंदवहीत, रुग्णांची भरती सुरू होण्यापूर्वी, नोंद करणे जून २००९ पासून अनिवार्य झाले. ही नोंदवही सर्वांना खुली आहे. प्रतिकूल निष्कर्ष दडपले जाऊ नयेत, यासाठी तिचे महत्त्व मोठे आहे.

संशोधनाचा भूगोल

नियम आवश्यक आहेत. परंतु ते योग्य प्रश्न जन्माला घालत नाहीत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत देशातील ५७९ वैद्यकीय संस्थांच्या दहा वर्षांतील (२००५ ते २०१४) प्रकाशनांचा आढावा घेण्यात आला. त्यांपैकी ३३२ संस्थांतून या काळात एकही शोधनिबंध निघालेला नव्हता. रुग्ण सर्वत्र आहेत, प्रश्नही सर्वत्र आहेत; संशोधन मात्र मूठभर ठिकाणी एकवटले आहे. झाशीचे महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय १९६८ पासून बुंदेलखंडाची सेवा करीत आहे. दुष्काळ, स्थलांतर व कुपोषण यांनी ग्रासलेल्या अशा प्रदेशातील आजारांचे प्रश्न दिल्ली-मुंबईच्या रुग्णालयांतून दिसतीलच असे नाही. परंतु जिल्ह्याच्या ठिकाणच्या अध्यापकाचा बहुतेक वेळ रुग्णसेवा व अध्यापनात जातो. त्याला संख्याशास्त्रज्ञाचे साहाय्य, थोडा निधी व राखीव वेळ मिळाला, तर महाडचा अनुभव अन्यत्रही घडू शकेल.

त्यासाठी प्रचंड खर्चाची गरज नाही. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडने अनेक रुग्णालये एका धाग्यात बांधली आहेत. अशा जाळ्यांमुळे लहान रुग्णालयही मोठ्या चाचणीचा भाग होऊ शकते. संशोधन व धोरण यांतील अंतर कमी करता येते, हे झारखंडमधील अलीकडच्या चाचणीने दाखवले. तेथे २,८०० क्षयरुग्णांच्या कुटुंबांतील १०,३४५ व्यक्तींचा अभ्यास झाला. रुग्णांना दोन्ही गटांत पोषक शिधा मिळाला. एका गटात तो घरातील अन्य माणसांनाही देण्यात आला. त्या गटात क्षयरोगाच्या नव्या घटना ३९ टक्क्यांनी कमी आढळल्या. २०२३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. येथे तपासलेले ‘औषध’ म्हणजे मुख्यतः तांदूळ व डाळ होते. निक्षय पोषण योजनेखाली क्षयरुग्णास दिले जाणारे मासिक साहाय्य नोव्हेंबर २०२४ पासून ५०० रुपयांवरून १,००० रुपये करण्यात आले. आता असाच आधार कुटुंबातील इतरांपर्यंत नेण्याचा विचार व्हायला हवा.

यातून काही दिशा स्पष्ट होतात. सार्वजनिक निधीतून होणाऱ्या संशोधनात प्रश्नांची निवड देशातील रोगभाराच्या आधारे व्हावी. चाचणीला मान्यता देतानाच, उपचार यशस्वी ठरल्यास तो त्या भागातील लोकांना, विशेषतः तुलना गटाला, कधी व कोणाच्या खर्चाने मिळेल हे लेखी निश्चित व्हावे. चाचणीचा निष्कर्ष सहभागी व्यक्तींना त्यांच्या भाषेत कळवणे हे सौजन्य नव्हे, तर कर्तव्य मानले जावे. आणि नीतिमत्ता समित्यांतील सामान्य नागरिकाची जागा केवळ गणपूर्तीसाठी भरली जाऊ नये.

संशोधनात सहभागी होणारा रुग्ण भांडवल गुंतवत नाही. तो स्वतःचे शरीर व विश्वास गुंतवतो. या गुंतवणुकीवरील परतावा त्याला रोख रकमेत देता येत नाही. तो द्यायचा असतो त्याच्या गावातील आरोग्यकेंद्रात उपलब्ध झालेल्या उपचाराच्या रूपाने. चिकित्सालयीन संशोधनाच्या यशाचे मोजमाप शोधनिबंधांच्या संख्येबरोबरच या परताव्यावरूनही व्हावयास हवे.